दहावा सभासद

इस्त्रीवाल्या बाई रोज संध्याकाळी भलीमोठी पिशवी घेऊन कुठे जातात, हा प्रश्न आमच्या गल्लीत कुणालाच पडला नव्हता. तो मी पाडला. दुसरं लग्न, चोरून धंदा, नाटकात काम, अशी तीन उत्तरंही मीच घरोघरी पोचती केली. मग खात्री करून घ्यायला एकदा त्यांच्या मागोमाग गेलो आणि टायरच्या दुकानावरच्या हॉलच्या दाराला डोळा लावून उभा असताना सापडलो.

"काका, तुम्ही? इथे?"

"नाव नोंदवायला आलो," मी ठोकून दिलं.

आत निघाला ज्यूदोचा क्लब, आणि बाई तिथल्या गुरू! माझं वय अडुसष्ट, गुडघे त्याहून वडीलधारे. हाकलतील, सुटू, असं वाटलं. पण बाईंचा चेहरा उजळला. दहा सभासद नसतील तर हॉल गोदामाला देणार, असं पालिकेचं पत्र आलं होतं. सभासद होते नऊ. शुक्रवारी साहेब मोजायला येणार होते. दिवसभर इस्त्रीपाशी उभं राहून बाई बावीस वर्षं तो जिना चढत होत्या, आणि आता सगळी भिस्त माझ्यावर!

घरी सांगितलं तर बायको हसता हसता पलंगावरच बसली. "अहो, मोजे घालताना तुम्हाला भिंत लागते!"

ज्यूदोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, हात मॅटवर फाडकन. या एका विषयात मी उपजत हुशार निघालो. पट्ट्याची गाठ मात्र अशी मारली, की सोडवायला दोघं लागले.

शुक्रवारी साहेब आले. नऊ मोजून झाले आणि बोट माझ्यावर अडलं.

"हे सभासद, की कुणाचे आजोबा?"

"सभासद," बाई म्हणाल्या, पण आवाज बारीक.

"मग दाखवा काहीतरी करून."

बाईंनी माझी कॉलर धरली आणि कानाशी पुटपुटल्या, "काका, नको असेल तर नाही म्हणा."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या मागे ते नऊजण माझ्याकडेच बघत होते. मी मान डोलावली. पुढच्या क्षणी छत माझ्या पायांखाली! फाडकन हात आपटला. मग आधी एक गुडघा, थोडी विश्रांती, मग दुसरा, असा हप्त्याहप्त्याने उठलो. साहेब तोवर पेन उघडून ताटकळले होते. मी उभा राहिल्यावर त्यांनी 'दहा' लिहिलं.

जिना उतरताना बाई एकदम प्रेमाने म्हणाल्या, "काका, मोजणी दरवर्षी असते हं."