बाबांचा भात

नागभीडच्या लग्नात मी पंगतीत भात वाढत होतो. वाफेचा वास आला आणि बाबा आठवले.

मार्कंड्याच्या जत्रेहून येताना जीप उलटून बाबांना मार लागला. तेव्हापासून जेवलं की त्यांना दम लागे. डॉक्टर खुर्चीतून न उठताच म्हणाला, "तुम्ही झाडीपट्टीतले लोक तिन्ही त्रिकाळ भात ढोसता. बंद करा."

"माह्या छातीत गुडगुडते, साहेब," बाबा म्हणाले. तो हसला. आम्ही वर्षभर त्यांना भाताविना ठेवलं.

शेवटी नागपुरात एक्स-रे काढला. छाती आणि पोटामधला पडदा फाटून जठर छातीत शिरलं होतं. ऑपरेशन करून पडदा शिवला. शुद्धीवर येताच बाबा म्हणाले, "आता तरी भात देता का मले?"

आज त्याच पंगतीत भात बंद करायला सांगणारा तो डॉक्टर बसला होता. "वाढ अजून," म्हणाला. मी ढीग वाढला. असल्यांना भात बाधत नाही.