बिनपगारी अध्यक्ष

नाना समोर आलेल्या तरुणाला त्याचं नाव कधी विचारत नसत. पहिला प्रश्न, "कोनाचा बे तू?" आणि दुसरा, "मामाचं गाव कोनतं?" एवढं कळलं की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या पोराला स्वतःलाही ठाऊक नसलेली दोन-तीन चुलत-मावस नाती ते तिथल्या तिथे काढून दाखवत आणि आमच्याकडे विजयी मुद्रेनं बघत. पोराचं नाव, त्याला काय येतं, पुढे काय करायचंय, हे सगळं फॉर्मवर लिहिलेलं असे. नाना फॉर्म वाचत नसत. "कागद खोटं बोलते, ताई," ते मला सांगत, "मामकूळ खोटं बोलत नाई."

मेहकरातून शिकून बाहेर गेलेल्या काही भल्या माणसांनी ही संस्था काढली होती. कल्पना साधी होती. अठरा ते पंचविशीतल्या मुलामुलींना वर्षभरासाठी एकेक मोठं माणूस जोडून द्यायचं, ज्याला त्यांची वाट माहीत आहे. महिन्यातून दोनदा भेटायचं, ऐकून घ्यायचं, अडलं तिथे हात द्यायचा. काढणारे पुण्याला परत गेले आणि संस्था सात जणांच्या संचालक मंडळाकडे आली. सगळे मानद. नाना अध्यक्ष, आणि शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेली मी सचिव.

नाना एका सहकारी संस्थेत व्यवस्थापक होते, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती सोयरिकी जुळवणारा माणूस म्हणून. जानेफळची मुलगी धामणगाव बढ्याला आणि तिकडची इकडे, अशी किती लग्नं त्यांनी लावून दिली असतील देव जाणे. त्यात वाईट काहीच नाही. वाईट एवढंच, की दोन माणसं एकमेकांना जोडायची दुसरी रीत या गृहस्थाला ठाऊकच नव्हती. त्यामुळे आमच्या संस्थेत मार्गदर्शक जोडून देणं म्हणजे चक्क पाहण्याचा कार्यक्रम असे. सतरंजीवर मुलगा, त्याचा बाप आणि मामा. समोर खुर्चीत मार्गदर्शक. मधे पोह्यांच्या बश्या आणि नाना. सगळ्यांचं बोलून झालं की नाना मार्गदर्शकाला विचारत, "मंग? पसंत?" मुलाला कोणी विचारत नसे. मुलाला विचारायची चाल नव्हती.

जानेफळच्या एका मुलाला वायरमन व्हायचं होतं. त्याला आयुर्वेदाचे डॉक्टर जोडून दिले, कारण दोघांचं आजोळ एकच निघालं. चार महिन्यांनी मी त्याला विचारलं, कसं चाललंय? तो बिचारा म्हणाला, "सर लई चांगले हायत. मले पोटाचं चूर्न देल्लं त्याहिनं." नानांच्या लेखी ही जोडी यशस्वी होती, कारण भांडण झालं नव्हतं.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: "पानी पिओ छान के, गुरू करो जान के." ते हे हिंदीतच म्हणत, तर्जनी वर करून. दुसरं वाक्य मराठीत होतं आणि ते जास्त कामाचं होतं. कोणी चूक दाखवली, कोणी नुसती शंका काढली, की नाना टोपी नीट करून म्हणत, "मले काय पगार भेटते काय?" झालं. त्यापुढे सगळ्या मंडळाची तोंडं बंद. पगारी माणसाला जाब विचारता येतो. फुकट राबणाऱ्याला विचारणार कसा? आम्ही सातही जण फुकट होतो, त्यामुळे सातही जण बिनचूक होतो. मी इतकी वर्षं शाळेत काढली, पण एवढी भक्कम पळवाट मुख्याध्यापकांनासुद्धा सापडली नव्हती.

रेणुका आमच्याकडे आली ती साखरखेर्ड्याजवळच्या एका खेड्यातून. घरचा भाजीपाल्याचा मळा, आणि त्यात एक शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीचा मांडव. त्या भागात शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी भाज्यांचं बियाणं तयार करतात. पहाटेपासून बाया कळ्या फोडतात, चिमट्यानं फुलातला नर भाग काढतात, दुसऱ्या झाडाचा पराग लावून दोरा बांधतात. रेणुका आठवीपासून हे काम करत होती. बारावीला चांगले गुण होते. पाहण्याच्या कार्यक्रमात ती न विचारता बोलली, हेच नानांना खटकलं. "नर कोनत्या वाणाचा अन् मादी कोनत्या वाणाची हे कंपनी सांगत नाई," ती म्हणाली. "नुसते नंबर देतात. दोन्ही झाडं आमच्या वावरात, हात आमचे, अन् आमालेच मायती नाई. मले हे वाण करनं शिकाचं हाय. कृषी कॉलेजले जाचं हाय."

तिनं मार्गदर्शकही स्वतःच शोधून आणला होता. त्यांच्याकडे पाहणीला येणाऱ्या एक बीज-तज्ज्ञ बाई, देऊळगावराजाला राहणाऱ्या. बाई आनंदानं तयार होत्या. नानांनी चौकशी केली आणि बैठकीत जाहीर केलं, "बाई एकटी राह्यते. घरात मोठं मानूस नाई. आपल्या पोरीले कोनाच्या घरी धाडाचं?" त्याऐवजी त्यांनी एक निवृत्त मुख्याध्यापक सुचवले. भरलं घर, रेणुकाच्या आईच्या माहेरचे, नातं पार पणजोबापर्यंत जुळत होतं. बियाण्याबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की ते पेरतात. ठराव मताला टाकला. हात वर झाले. सातवा हात माझा होता. मला राग आला नव्हता असं नाही; पण दुपारचा एक वाजला होता, सगळ्यांना भूक लागली होती आणि नानांशी वाद घालायचा म्हणजे जेवण हुकणार होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते हेच.

मुख्याध्यापकांनी तीन भेटी घेतल्या. पहिल्या भेटीत मुलगी पाहिली, दुसऱ्या भेटीत आपल्या बायकोला दाखवली, आणि तिसऱ्या भेटीत पुतण्याला. पुतण्या चांगला होता, शेती बागायती होती, मागणी काही नव्हती. रेणुकाचा बाप भोळा माणूस, त्याला वाटलं संस्थेनंच हे करून दिलं. नाना पेढे घेऊन माझ्या घरी आले. मी विचारलं, "नाना, आपण तिला शिकायला वाट दाखवणार होतो ना?"

"मंग हे काय हाय?" नाना मनापासून चकित झाले. "पोरगी बागायतदाराच्या घरात चालली. याच्याहून मोठं मार्गदर्शन कोनतं असते, ताई?"

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली. कॉलेजची यादीही लागली, आणि रेणुकाचं नाव तिच्यात होतं. कागदपत्रं तपासायला मूळ टीसी आणि मार्कशीट घेऊन हजर राहायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि तिची मूळ कागदपत्रं होती आमच्या कार्यालयातल्या कपाटात. मुलं मधेच सोडून जाऊ नयेत म्हणून वर्षभर मूळ कागद संस्थेनं ठेवायचे, हा नियम नानांचा. मुलीकडच्यांनी शब्द फिरवू नये म्हणून काय काय अडकवून ठेवायचं, हे त्यांना चांगलं कळत होतं.

ती नानांकडे गेली. नाना म्हणाले, "साक्षगंध होऊ दे, मंग ने." ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, अध्यक्षांचा शब्द लागतो, पुन्हा जा. ती पुन्हा गेली. नाना सोयरिकीसाठी गावाला गेले होते. ती परत माझ्याकडे आली, मी परत तिला पाठवलं. असे दोन आठवडे गेले. शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि उठेनाच. रडलीही नाही. "माय म्हनते जा, बाबा म्हनते थांब," ती म्हणाली. "दोनची गाडी हाय, मॅडम. ते हुकली तं मी शेडनेटमधीच."

मी नानांना फोन लावला. "ताई, पोरीचं भलं होऊन राह्यलं, तुमी काऊन मधात पडता?" ते म्हणाले, आणि पाठोपाठ, "मले काय पगार भेटते काय?"

मी फोन ठेवला. आत गेले, धान्याच्या डब्यामागून किल्ली काढली, आणि तिला घेऊन कार्यालयात जाऊन कपाट उघडलं. तिचा लिफाफा वरच होता. तिनं कागद एकेक करून पाहिले, ओढणीत गुंडाळले आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"मॅडम, किल्ली तुमच्यापाशीच व्हती?"

"सचिवाकडे एक असते," मी म्हटलं.

"मंग दोन हप्ते मले काऊन फिरवलं?"

मी म्हटलं, नियम होता. तिनं मान हलवली. मोठी माणसं वेडगळ बोलली की लहान माणसं मर्यादेनं हलवतात तशी. ती स्टँडकडे पळाली. तिला गाडी मिळाली, कॉलेजही मिळालं. साक्षगंध मोडलं तेव्हा मुख्याध्यापकांनी संस्थेचा राजीनामा दिला. त्या वर्षात त्यांनी केलेलं एवढंच काम उपयोगाचं म्हणता येईल.

माझी खात्री होती की नाना माझ्यावर ठपका ठेवणार. मी उत्तरं घोकून गेले होते. पण नानांनी विषयच काढला नाही. वार्षिक अहवाल तोंडावर आला होता आणि कृषी कॉलेजला लागलेली आमची ती एकच मुलगी होती. नानांनी स्वतः मजकूर सांगितला: "अध्यक्ष व सचिव यांच्या अनमोल मार्गदर्शनाखाली." मी घरी आणून ती ओळ खोडली. आधी त्यांचं नाव काढलं, ते सोपं गेलं. मग बराच वेळ बसून माझंही काढलं. उरलं ते रेणुकाचं नाव, तिच्या गावाचं नाव, आणि ती कॉलेजला गेली एवढंच.

नानांनी कागद दोनदा वाचला. त्यांना राग आला नव्हता, ते खरोखर शोधत होते. "ताई, याच्यात आपुन कुठी हावो?"

"कुठंच नाही, नाना," मी म्हटलं. कपाटाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली, राजीनामा ठेवला आणि निघाले. मोठ्या ताठ मानेनं निघाले, तेही सांगून टाकते.

महिन्याभरानं अहवाल छापून घरी आला. नाना मोठ्या मनाचे. माझा राजीनामा त्यांनी कुणाला सांगितलाच नव्हता. शेवटच्या पानावर रेणुकाचा फोटो होता, आणि खाली तीच ओळ जशीच्या तशी. फरक एवढाच की मला बरं वाटावं म्हणून त्यांनी सचिवाचं नाव अध्यक्षाच्या आधी घातलं होतं. तो अहवाल सगळ्या मुलांच्या घरी पाठवतात. रेणुकाच्या घरी पोचला का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.