कळसाडीच्या व्हॅनचं डोकं

नंदुरबार स्टेशनाबाहेर रत्ना व्हॅनमध्येच बसून होती. उतरली असती तर ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला असता आणि इंजिन बंद पडलं असतं. मी बॅग स्वतःच मागे टाकली.

रत्ना माझ्या मित्राची बहीण. सासर शहादा तालुक्यातल्या कळसाडीचं, घरी कापूस आणि ऊस. गावातल्या मुलांना लोणखेड्याच्या शाळेत ने-आण करण्याचं काम तिला हवं होतं. पालकांची एकच अट होती: उद्या सकाळी व्हॅन चौकात इंजिन चालू ठेवून उभी करायची, त्यांचा चहा होईपर्यंत. बंद पडली तर काम रिक्षावाल्याला. अट वाजवी होती. व्हॅनला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

कोरीटजवळ म्हशी आडव्या आल्या. ब्रेक लागला, इंजिन गेलं.

“काय व्हयनं, ताई?” म्हशीवाल्याने विचारलं.

“इले उभं ऱ्हाता येत नही,” रत्ना म्हणाली.

“मंग मन्ह्या म्हशीसपाशी शिकाले धाडा. त्या हालतच नहीत.”

प्रकाशा गावापर्यंत व्हॅन सात वेळा बंद पडली. शेवटच्या दोन वेळा बॅटरीही दमली आणि मी ढकलली. तापीचं पात्र त्यामुळे निवांत पाहता आलं.

शहाद्यातल्या गॅरेजवाल्याने निदान आधीच केलं होतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनला किती हवा द्यायची, हे एक तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक डबा ठरवतो. तो बिघडला होता, आणि नवा बनणं केव्हाच थांबलं होतं. म्हणून आम्ही युसुफभाईंकडे गेलो. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करत. हे ॲम्प्लिफायर आणि शेतपंपांचे स्टार्टर करतात.

त्यांनी डब्याचे चार स्क्रू काढले. आत सर्किटच्या पट्टीवर हिरवी बुरशी होती आणि तिच्यात लाल काहीतरी. युसुफभाईंनी वास घेतला.

“ताई, गाडीनी पूजा कोनी करी?”

रत्नाने कपाळाला हात लावला. “नानास्नी.”

नाना म्हणजे तिचे सासरे. दसऱ्याला त्यांनी गॅरेजच्या माणसाला गाडीचं डोकं कुठलं ते विचारलं होतं. त्याने या डब्याकडे बोट दाखवलं. नानांनी बैलाच्या कपाळाला लावतात तसं डब्याला कुंकू लावलं, वर नारळ फोडला आणि पाणी थेंबही वाया न घालवता त्यावर ओतलं.

“नारय देवले चढावा,” युसुफभाई म्हणाले. “डब्बाले नको.”

त्यांनी स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने पट्टी घासली. कुजलेल्या दोन जोडांना नव्याने सोल्डरचा डाग दिला. एक जळका ट्रान्झिस्टर काढून त्या जागी लग्नांत वाजून बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरमधला बसवला.

“हाऊ लगीनमाना शे,” त्यांनी बजावलं. “गाडी नाचाले लागनी तर मन्हाकडे येवू नका.”

डबा गाडीत परत बसला, इंजिन चालू झालं आणि रत्नाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. युसुफभाईंनी एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला. आवाज स्थिर झाला. तो बराच वेळ तसाच राहिला.

कळसाडीला जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा होता. ठेच्याने माझं बोलणं बंद झालं, म्हणून नानांची बाजू पूर्ण ऐकता आली. आरोप त्यांना मान्य नव्हता. “पानी तं मी गायीसन (गाळून) टाकेल व्हतं,” ते म्हणाले.

सकाळी चौकात पालक जमले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि मुद्दाम फुंकत बसले. एक आई व्हॅनच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“खाले पाय दाबी ऱ्हायनी व्हशी तू,” ती म्हणाली. “माले सगळं समजस.”

रत्नाने चपला काढल्या. दोन्ही पाय वर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घातली आणि स्वतःसाठी चहा मागवला. चौकात इंजिनाचा एकसारखा आवाज आणि फुरक्यांचा आवाज, एवढंच होतं. त्या आईने सगळ्यात शेवटी बशी खाली ठेवली आणि आपल्या मुलीचं दप्तर व्हॅनमध्ये टाकलं.

इतक्यात नाना नारळ घेऊन आले. रत्नाने मांडी न मोडता पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. “नाना, डोकं तठे शे.” नानांनी तिथेच फोडला.

नंदुरबारला मी बसने परतलो; व्हॅनला मुलांची फेरी होती. यंत्र दुरुस्त झालं ते स्पिरिटने आणि डागाने, याला मी साक्षीदार आहे. कळसाडीत मात्र श्रेय नारळाला मिळालं आहे. युसुफभाईंची हरकत नसावी. दसरा दर वर्षी येतो.