टॅपेटची टकटक

तानसेन नाही होता आलं तर माणसाने कानसेन व्हावं, म्हणतात. गॅरेजवाला थोरला तसाच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "बेअरिंग गेलंय, सावकाश ने." गल्लीत सगळे त्याला कानसेनच म्हणत.

एक धाकटा भाऊ तेवढा त्याचं ऐकत नसे. धाकटा जुन्या मोटारीतून प्रवासी नेऊन पोट भरायचा. एकदा त्याने स्वतःच ऑइल बदललं. महाग ते चांगलं, या हिशेबाने नव्या गाड्यांचं ऑइल घातलं.

"अरे, या ऑइलात झीज रोखणारं जस्त कमी असतं," थोरला करवादला. "तुझ्या या म्हाताऱ्या गाडीला ते लागतं. झडपा उघडणारा कॅम फिरताना खालच्या टॅपेटवर घासतो ना, तिथे जस्ताचा पातळ थर बसतो. तो स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो."

"म्हणजे आपल्या आईसारखंच की!" धाकटा हसला. "पुढच्या वेळी घालू, दादा."

काही महिन्यांत इंजिनातून बारीक टकटक येऊ लागली. आई म्हणायची, "बरं झालं, तू आलास ते गल्लीच्या तोंडाशीच कळतं. ताट घ्यायला बरं." पुढची वेळ मात्र आलीच नाही. धाकट्याच्या छातीत कळ आली आणि तो बसल्या जागी गेला.

गाडी आता त्याची बायको चालवायची. संध्याकाळी टकटक ऐकू आली की आई कडी काढायला उठे. "आला," म्हणे. दारात सून उभी. आई बाजूला होई.

एके दिवशी थोरल्याने गाडीचं ऑइल काढलं. बोटांवर चोळलं तर चांदीच्या वर्खासारखी चकाकी उमटली. इंजिन उघडलं, तर कॅमचं एक नाक, टॅपेटला ढकलणारा उंचवटा, घासून पार चपटं झालेलं.

"भाऊजी, ते जस्त आता घातलं तर?" सुनेने विचारलं.

"वरची कडक कातडीच गेली गं. आता औषध घालून काय होणार? हा लोखंडाचा भुगा बेअरिंगमध्ये शिरला की भर रस्त्यात इंजिन जाम होईल. कॅम बदलायलाच हवा."

मागे आई उभी होती. "मग आवाज जाईल?"

"जाईल."

"मग राहू दे."

"आई, गाडीत ही असते!"

"मला वेड नाही लागलं रे. तो गेला, ठाऊक आहे मला. पण टकटक ऐकली की पाय आपले आपण उठतात. तेवढंच उरलंय माझ्याकडे."

सून खाली बघत म्हणाली, "राहू द्या, भाऊजी. मी हळू चालवीन. पुढच्या वेळी बघू."

थोरल्याच्या हातातला पाना तिथेच थबकला. हे शब्द त्याने याच गाडीपाशी आधीही ऐकले होते. दुसऱ्या दिवशी त्याने नवा कॅम, नवे टॅपेट बसवले, जस्ताची बाटली मोजून ऑइलात ओतली आणि इंजिन चालू केलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आत नुसती गुणगुण.

संध्याकाळी आई दाराशी कान लावून बसली होती. गल्लीतून काहीच आलं नाही. एकदम दारावर थाप पडली तशी ती दचकली. कडी काढून सुनेकडे नवख्यासारखी बघत राहिली.

"तू होय," ती म्हणाली. "इतके दिवस तूच येत होतीस का गं?" आणि तिने सुनेच्या हातातली पिशवी घेतली.

त्यानंतर आई टकटकीची वाट बघेनाशी झाली. परवाच्या संध्याकाळी दोघी भाजी निवडत बसल्या होत्या. थोरला मोरीत साबणाने हात घासत होता. बोटांच्या चिरांतली चकाकी अजून निघाली नव्हती. एकाएकी त्याने नळ बंद केला, मान तिरकी केली.

"आई, कडी काढ. आला."

दोघींनी वर पाहिलं. गल्ली शांत होती. गाडीची किल्ली खिळ्याला लटकत होती.