येतो हं!

मोसमातल्या शेवटच्या सामन्यातला शेवटचा चेंडू रिंगच्या कडेवर गरगर फिरला आणि बाहेर पडला. निघालेले पाहुणे दारात रेंगाळतात, तीनतीनदा 'येतो हं' म्हणतात आणि चालते होतात, अगदी तसा. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा अख्खा मोसम असाच गेला. जिंकलो एकदाच, तेही समोरचा संघ आलाच नाही म्हणून!

"आता तरी रविवारी घरी बसाल," प्रेक्षकांत माझ्या शेजारी बसलेली बायको म्हणाली. मलाही ते पटलं. तेवढ्यात आमचा घामाघूम कप्तान बॅग खांद्याला लावून समोरून गेला. "येतो काका," म्हणाला. 'जातो' नाही म्हणाला.

मी बायकोकडे वळलो. "ऐकलंस? पोरगा येतो म्हणालाय. मग बघायला कुणी नको?"