ताईच्या खोलीतला जनरेटर

त्याला सगळे कटकट मिस्त्री म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. गवत कापायचं यंत्र असो, पाण्याचा पंप असो की जनरेटर, पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन दुरुस्त केलं की गिऱ्हाइकाला उपदेशाचा डोस पाजल्याशिवाय तो सोडत नसे. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. प्लगची वायर काढल्याशिवाय पात्याला हात लावू नका. आणि बंद खोलीत तर चालवूच नका, त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. गिऱ्हाइकं मान डोलवत आणि घरी जाऊन हवं तेच करत. एक महाभाग सिगारेट ओढत टाकी भरायला गेला, भुवया जाळून घेतल्या आणि वर यंत्राची गॅरंटी विचारायला आला. मिस्त्रीचं डोकंच फिरलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्याची थोरली बहीण घरीच शिवणकाम करायची. वीज सारखी जाते म्हणून तिने एक जुना जनरेटर घेतला होता. तो इतका धूर ओकायचा की ती तो मागच्या अंगणातच ठेवी. गेल्या आठवड्यात मिस्त्रीने तो पूर्ण खोलला, कार्बुरेटर साफ केला, रिंगा बदलल्या, नवा सायलेन्सर बसवला. बहिणीचं काम, त्यामुळे जीव ओतून केलं. एवढा थयथयाट करणारा जनरेटर अगदी गरीब गाय झाला.

आज दुपारी वीज गेलेली असताना तो उसवलेली पँट घेऊन ताईकडे गेला. पांढऱ्या कापडावर धूळ बसू नये म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या होत्या. ती मशीनवर डोकं टेकून बसली होती आणि शेजारी जनरेटर चालू होता. दोन दिवस डोकं ठणकतंय रे, असं ती कसंबसं पुटपुटली. मिस्त्रीने तिला काखेत हात घालून ओढतच बाहेर आणलं आणि रिक्षात घालून दवाखाना गाठला.

ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. डॉक्टर गेले आणि मिस्त्रीच्या भीतीचा राग झाला.

"सगळ्या जगाला सांगून सांगून माझा घसा बसला, आणि माझीच बहीण तो खोलीत घेऊन बसते?"

ताईने त्याला बोलू दिलं. मग हळूच म्हणाली, "जगाला सांगितलंस. मला कधी सांगितलंस? धूर होता तोवर मी तो बाहेरच ठेवत होते. तूच म्हणालास ना, ताई, आता याचा काही त्रास नाही व्हायचा?"

म्हणाला होता खरा. मोठ्या फुशारकीने म्हणाला होता. राग अजून तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा, हे मिस्त्रीला कळेना.