बोअरचं पाणी आणि बस्त्याव अंकल

बस्त्याव अंकलनी पहिल्याच भेटीत मला गाढव म्हटलं होतं.

तेही बायकोसमोर.

आज सकाळी अंकल गेले. दुपारी उत्तनच्या चर्चमध्ये त्यांना निरोप देऊन आलोय. घरात चैन पडत नाहीये, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे बाबांची जुनी पद्मिनी आहे. बावीस वर्षं त्यांनी ती चालवली, आधी दादरला, मग इथे मिरा रोडला. सात वर्षांपूर्वी बाबा तीन महिने ताईकडे नाशिकला गेले होते. तेवढ्यात मी त्यांना सरप्राइज म्हणून गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं. नवा रंग, नव्या सीट्स, फुल टशन!

बाबा परत आले. पहिल्याच रविवारी आई-बाबांना घेऊन निघालो आणि घोडबंदर रोडला चेण्याजवळ गाडी उकळली. बोनेटमधून वाफच वाफ. एप्रिलचं ऊन. आई बिचारी पदराने वारा घेत रस्त्याच्या कडेला उभी.

बाबा एवढंच म्हणाले, "माझ्या हातात ही कधी उकळली नव्हती."

रिक्षा केली आणि आईला घेऊन घरी गेले.

त्यानंतर ते गाडीत बसले नाहीत. पार्किंगमधून जाताना तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. माझ्याशी बोलणं म्हणजे "पेपर दे" आणि "लाइट बंद कर". बस्स.

मला एकच ध्यास लागला. बाबा परत गाडीत बसले पाहिजेत.

मग काय, जो जे सांगेल ते केलं. मोठा रेडिएटर टाकला. एकाच्या जागी दोन पंखे लावले. कोणी म्हणालं, "थर्मोस्टॅट निकाल दो, ठंडी रहेगी", तो काढून फेकला. कोणी म्हणालं बोनेट मागून थोडं उचलून ठेव, तेही केलं.

आणि दर रविवारी, न चुकता, जुनं पाणी काढून सोसायटीच्या नळाचं ताजं पाणी भरायचो. तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी तसं.

तरी बाई उकळायच्याच! कधी पेणकरपाड्याच्या सिग्नलला, कधी अगदी बिल्डिंगच्या गेटात.

बायको म्हणायची, "चहा ठेवू का वर?"

आठ महिने असे गेले. मग ऑफिसमधल्या एकाने उत्तनचा पत्ता दिला. बस्त्याव अंकल. जन्मभर मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. मी मनात म्हटलं, बोटवाल्याला गाडीतलं काय कळणार, कप्पाळ!

अंकलनी बोनेट उघडलंच नाही. खुर्चीत बसूनच विचारलं,

"घरी गीझर हाय?"

"आहे."

"कॉइल किती दिवस टिकते?"

मी वैतागलो. म्हटलं, अंकल, मी गाडी दाखवायला आलोय.

बायको मधेच म्हणाली, "वर्षभरसुद्धा टिकत नाही हो. पांढरा थर चढतो. आमच्याकडे बोअरचं पाणी ना."

"आन गाडीत कुठला पानी?"

"तेच," मी ऐटीत सांगितलं. "दर रविवारी ताजं!"

"गाढव हाय तू."

मग उठले. इंजिनाच्या खालच्या बाजूचा एक बोल्ट काढला. पाण्याची धार लागायला हवी होती. एक थेंब आला नाही. तार घालून खरवडलं तर नुसता पांढरा चिखल, गीझरच्या कॉइलवरचा तोच थर.

"इंजिन डबल झाला म्हनून उकळली. मोठा रेडिएटर टाकला तवाच बरी झाली असती ती," अंकल म्हणाले. "फुडचा आजार तू दिला तिला."

चार रविवार लागले. सगळं माझ्याकडूनच करून घेतलं. "ह्या कोनी सांगितला?" म्हणत माझी एकेक करामत उलटी केली. शेवटी आत बाटलीतलं शुद्ध पाणी आणि कूलंट. वर दम दिला, "आता हात लावाचा न्हाय. हात शिवशिवले तर बायकोला भाजी चिरून दे."

गाडी एकदम थंड झाली. मी धावत बाबांना सांगायला गेलो.

बाबांनी तोंडासमोरचा पेपर खाली केला नाही.

हे अंकलना फोनवर सांगताना मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला माणूस मी, रडलो.

पुढच्या रविवारी म्हातारा बस पकडून आमच्या दारात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. सोफ्यावर बसले आणि थेट बाबांना म्हणाले,

"बावीस वर्सां तुमचे हातात गाडी उकळली न्हाय. तुमी पानी कुठला टाकायचे?"

बाबांनी पेपर ठेवला. चष्मा काढला.

"दादरला नळाचं. इथलं पाणी बरं नाही, म्हणून इथे आल्यावर पिण्याच्या जारमधलं. तेही कमी झालं तरच. उगाच बदलायचं नाही."

अंकल माझ्याकडे वळले. "घरात मानूस हाय, त्याला इचारला न्हाय?"

नव्हतं विचारलं.

अख्ख्या मिरा रोडला विचारलं. ज्याची गाडी, त्याला नाही. इंजिन बदलतानाही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"चुकलं माझं, बाबा."

अंकलच म्हणाले, "मला उत्तनला सोडाला तुमीच चला. ह्याचेवर माजा भरवसा न्हाय."

बाबांनी हात पुढे केला. मी चावी दिली.

उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरीच्या चढाला मी मागच्या सीटवरून मान उंच करून टेम्परेचरचा काटा बघत होतो. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते अंकलना दादरच्या गोष्टी सांगत होते, आणि मधेच मागे न बघता मला म्हणाले, "खिडकी उघड, छान वारा आहे."

नऊ महिन्यांनी माझ्याशी धड बोललेलं पहिलं वाक्य.

पुढे महिन्यातून एकदा तरी दोघं उत्तनच्या किनाऱ्यावर बसलेले असायचे. मी आपला ड्रायव्हरसारखा लांब उभा.

बाबा आता ऐंशीचे आहेत. डोळ्यांमुळे गाडी चालवत नाहीत. आज मी चालवली, ते शेजारी बसले. चर्चमध्ये पेटीजवळ गेले, अंकलच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले,

"बस्त्याव, त्या दिवशी तू आला नसतास, तर मी हट्टातच मेलो असतो रे."

अंकल, माझा बाप माझ्याशी पुन्हा बोलायला लागला तो तुमच्यामुळे.

तुम्हाला आम्हा दोघांचा शेवटचा नमस्कार.